पान्यावर उभं राहू नका

स्पोर्ट्‌स कारला टायटॅनियमचे हलके व्हील बोल्ट बसवावेत का? नको. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला अजिबात नकोत, आणि जालन्यात तर मुळीच नकोत. गाडीवर मनापासून जीव लावणारी पोरं या नादात हजारो रुपये घालतात, आणि चाक खरंच ज्या कारणाने निखळतं त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. राग आहे तो याचा.

आधी वजन तोलू. स्कोडाची ऑक्टाव्हिया घ्या, ऑडी घ्या, नाहीतर पोर्श घ्या. एका चाकाला पाच बोल्ट, जाडी १४ मिलिमीटर. पोलादाचा असा बोल्ट ढोबळमानाने ९० ग्रॅम भरतो. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची साडेचारच्या आसपास. म्हणजे तोच बोल्ट टायटॅनियमचा केला की पन्नास-बावन्न ग्रॅमवर येतो. वीस बोल्टांमागे वाचले सात-आठशे ग्रॅम. एक लिटर पेट्रोल तेवढंच भरतं. जालन्याहून निघून बदनापूर गाठेपर्यंत गाडीने त्याहून जास्त वजन जाळून टाकलेलं असतं.

यावर विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर असतं: साहेब, हे फिरतं वजन आहे, याचा हिशेब वेगळा. वेगळा आहेच, पण तो पुरता करा. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. ऑक्टाव्हियाचे बोल्ट ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसतात, म्हणजे केंद्रापासून ५६ मिलिमीटरवर. टायरची त्रिज्या ३२० च्या घरात. ५६ ला ३२० ने भागून वर्ग करा, उत्तर येतं तीन टक्के. बोल्टमध्ये वाचवलेला एक किलो गाडीला पळताना १ किलो ३० ग्रॅमइतकाच जाणवतो. तोच किलो टायरच्या तळातून वाचवला तर जवळजवळ दोन किलोंइतका जाणवतो. फिरत्या वजनाची एवढी काळजी असेल तर पैसे रिमवर आणि टायरवर घाला. चांगल्या फोर्ज्ड रिमने एका चाकामागे दोन-तीन किलो सहज कमी होतात. बोल्ट चाकाच्या मधोमध असतात, आणि मधोमध असलेल्या वजनाच्या फिरण्याला इंजिन मोजत नाही.

ताकदीबद्दल मात्र टायटॅनियमला नावं ठेवता येणार नाहीत. जालन्याच्या माणसाला हे समजावण्याची गरजच नाही, कारण इथे भंगार वितळवून सळई ओढणारं अख्खं गाव आहे. बांधकामाची एफई ५०० सळई ५०० मेगापास्कलला नमते. चाकाच्या बोल्टच्या डोक्यावर बारीक अक्षरांत १०.९ कोरलेलं असतं. पहिला आकडा सांगतो की तो १००० मेगापास्कलपर्यंत तुटणार नाही, दुसरा सांगतो की त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जाणार नाही. सळईच्या जवळजवळ दुप्पट. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेलं टायटॅनियम यापेक्षा थोडंसंच खाली राहतं. म्हणजे दर्जेदार बोल्ट असेल तर तो तुटेल ही भीती नाही. भीती दुसरीच आहे.

चाक बोल्टवर टांगलेलं नसतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो, आणि ताणलेल्या रबरासारखा रिमला, ती ज्यावर बसते त्या हबवर ओढून धरतो. या दाबामुळे रिम आणि हब यांच्यात जे घर्षण होतं, त्यावर गाडीचे ब्रेक, वळणं, खड्डे सगळं पेललं जातं. स्कोडा-फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांना बोल्ट आवळण्यासाठी १२० न्यूटन मीटर सांगितलेले असतात, काही नव्या गाड्यांना १४०. आपला आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, तो वाचा. १२० ला कोरडा बोल्ट साधारण चार टनांनी ओढून धरतो. पाच बोल्ट, वीस टनांच्या वर. हा दाब कमी झाला की रिम हबवर सूतभर सरकायला लागते, मग बोल्टवर आडवा मार बसतो, आणि मग तो पोलादाचा असो की टायटॅनियमचा, सैल होतो किंवा तुटतो.

आता आपल्याकडे बोल्ट आवळतात कसे, ते बघा. अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साडेचोवीस किलोंचा भार दिला की १२० न्यूटन मीटर झाले. एवढंच लागतं. आणि आपला माणूस काय करतो? पान्यावर दोन्ही पाय ठेवून उभा राहतो. पंचाहत्तर किलोंचा माणूस म्हणजे ३६० च्या वर, तिप्पट. वरून एक हिसका देतो, ‘आता हलणार नाही’ म्हणतो. दुकानात बोल्ट आवळायची गन असेल तर हे चार सेकंदांत होतं आणि किती आवळलं ते कुणालाच कळत नाही. यात दुकानातल्या पोराचा दोष नाही. किती आवळलं ते मोजणारा टॉर्क रेंच त्याच्या हातात कुणी दिलेलाच नाही, आणि गाडीचा मालक काचेतून ‘लवकर कर’ म्हणत असतो.

जर्मन गाड्यांना आणि स्कोडाला हे जास्त महागात पडतं. मारुती-ह्युंदाईत स्टड हबवरच ठोकलेला असतो, आपण नट आवळतो. आटे गेले तर स्टड बदलला की भागतं. जर्मन गाड्यांत आणि स्कोडात स्टड नसतो, आटे थेट हबमध्ये असतात. बोल्ट तिरका लागला आणि त्यावर गन चालवली, की हबचे आटे खलास. मग बेअरिंगसकट हब बदला. म्हणून पहिले पाच-सहा आटे हातानेच फिरले पाहिजेत, पाना नंतर. मराठवाड्यात या गाड्या नवलाच्या राहिलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. शेंद्र्याला स्कोडाची जुळणी २००१ पासूनची. पण महामार्गावरच्या चाकाच्या दुकानात अजूनही त्याच जुन्या पान्याने सगळं चालतं.

अशा हातात टायटॅनियमचा बोल्ट दिला तर तो पोलादापेक्षा लवकर बिघडतो. टायटॅनियमला आटे एकमेकांत रुतून चिकटण्याची खोड आहे. ते होऊ नये म्हणून वंगण लावावं लागतं, आणि वंगण लावलं की तोच १२० चा आकडा चारऐवजी सहा टनांकडे नेतो. म्हणून बोल्ट बनवणाऱ्याने दिलेलाच आकडा आणि त्यानेच सांगितलेलं वंगण पाळावं लागतं. शर्यतीच्या संघात हे होतं. तिथे बोल्ट मोजून आवळतात, नोंद ठेवतात, ठरलेल्या फेऱ्यांनंतर फेकून देतात. पोर्शने तर २००९ च्या ९११ जीटी३ मध्ये पाच बोल्ट काढून मधोमध एकच मोठा नट दिला, आणि नंतरच्या अशा गाड्यांत तो ६०० न्यूटन मीटरला आवळायचा असतो. तेवढं मोजणारा रेंच घरात असेल तर विषय वेगळा.

बाजारातला खोटा मालही आहेच. निळा-जांभळा रंग चढवलेला साधा बोल्ट टायटॅनियम म्हणून गळ्यात मारतात. चुंबक लावून बघा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर विषय तिथेच संपला. न चिकटणारं स्टेनलेसही असतं, म्हणून वजनही करा. पन्नासच्या ठिकाणी नव्वद ग्रॅम भरले तर सरळ परत द्या. तिसरं, बोल्टची बैठक, म्हणजे तो रिमला टेकतो ती जागा. स्कोडा, ऑडी, मर्सिडीज, पोर्शच्या मूळ रिमला गोलाकार बैठक लागते, बीएमडब्ल्यूला ६० अंशांची शंकूची. बाहेरून घेतलेली रिम बहुधा शंकूचीच असते. गोल बोल्ट शंकूच्या भोकात बसवला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो आणि दोनशे किलोमीटरांत सैल पडू शकतो. डोळ्यांनी हे चटकन दिसत नाही. हे तपासूनच नवी रिम चढवावी, मग बोल्ट कशाचाही असो.

आणि जालन्यात हे जास्त जिवावर बेततं ते समृद्धी महामार्गामुळे. जालन्याजवळ निधोन्याला महामार्गावर चढलं की मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, रस्ता सिमेंटचा, सरळ, थांबायला निमित्त नाही. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबईजवळचं आमणे सलग ७०१ किलोमीटर. गावातल्या खड्ड्यांत ४० च्या वेगाने सैल चाक कुरकुरतं, इशारा देतं. १२० ला तो ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. गुळगुळीत टायरच्या गाड्या समृद्धीवरून परत पाठवण्याची मोहीम परिवहन विभागाने २०२३ मध्ये हाती घेतली, ती योग्यच होती. त्या तपासणीच्या टेबलावर एक टॉर्क रेंच ठेवा, चार चाकांना पाच मिनिटं लागत नाहीत. माझी मागणी एवढीच आहे, आणि परिवहन विभागाने ती मनावर घ्यावी.

तोवर स्वतःचा रेंच घ्या. एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यात तो भिंतीला टांगलेला असतो, बाजारात काही हजारांत मिळतो, टायटॅनियमच्या चांगल्या संचापेक्षा खूपच स्वस्त. रिम चढवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर तो नंतर झडतो आणि दाब उतरतो. पाचही बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरचे घेत आवळा, गाडी जमिनीवर टेकल्यावर रेंच आकड्यावर लावा आणि ‘कट’ असा आवाज येताच हात काढा. पन्नास-शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा तपासा. निधोन्याहून निघालात तर संभाजीनगरच्या आसपास एखाद्या पेट्रोल पंपावर थांबून हे करता येतं.