फेरफार क्रमांक सांगा

महाप्याच्या एमआयडीसीतल्या काचेच्या इमारतीखालची जमीन कधी, कोणाच्या नावावर गेली हे गाव नमुना ६ मध्ये सापडतं: फेरफार क्रमांक, तारीख, मंडळ अधिकाऱ्याची सही. वर सातव्या मजल्यावर ग्राहकांच्या टेबलात ‘स्टेटस_न्यू_फायनल_२’ हा कॉलम कोणी घुसवला, ते मात्र ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी थेट प्रॉडक्शनवर ‘ऑल्टर टेबल’ मारलं आणि साहेब घणसोलीहून लोकल पकडून मोकळे! कोणालाही मायग्रेशनची फाइल गिटमध्ये टाका म्हटलं, तर म्हणे, ‘एकच तर कॉलम आहे.’ एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५च्या आवृत्तीपासून डीडीएल ट्रिगर आहेत. कोणी, कधी, काय बदललं, सगळं त्यांनी टिपता येतं. आमच्याकडेही होता की! रिलीज अडतंय म्हणून बंद केला. कोणी केला? ते टिपायचं काम त्याचंच होतं.