थर्ड डाउनचे तज्ज्ञ

आयोवा सिटीत राहायचं तर दोन विषयांवर ठाम मत असावं लागतं. मक्याला पाऊस पुरेसा झाला का, हा पहिला. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कामाचा आहे का, हा दुसरा. पहिल्या विषयावर इथली माणसं जपून बोलतात, कारण त्यातलं त्यांना कळतं.

हा अमेरिकन फुटबॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणायचं, सरकता आलं नाही तर चेंडू समोरच्यांच्या हवाली. पुढच्या डाउनला चेंडू घेऊन पळायचं की फेकायचा, फेकायचा तर कोणाकडे, हे जो ठरवतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. एक खेळी संपली की दुसरी सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने हातातल्या लॅमिनेट केलेल्या भल्यामोठ्या कागदावरून एक खेळी निवडायची आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचवायची. बोलताना तोच कागद तोंडावर धरायचा, नाहीतर समोरचे ओठांवरून ओळखतात. 2024 पासून कॉलेजच्या मोठ्या संघांना हेल्मेटमध्ये स्पीकर लावायची परवानगी मिळाली, पण पंधरा सेकंद उरले की तो आपोआप बंद होतो. तिथून पुढे कोऑर्डिनेटरला गप्प बसावं लागतं.

स्टँडमधल्या तज्ज्ञांना हा नियम लागू नाही.

किनिक स्टेडियममध्ये सुमारे 69,000 माणसं बसतात आणि त्यातला कुठलाही कोपरा धरलात तरी हे तज्ज्ञ भेटतील. वय साठीच्या पुढे. अंगावर काळ्या-पिवळ्या उभ्या पट्ट्यांची बिब ओव्हरऑल, जी सोमवार ते शुक्रवार कुठलाही शहाणा माणूस घालणार नाही. बुडाखाली संघाचं बोधचिन्ह छापलेली उशी, गळ्यात दुर्बीण, एका कानात रेडिओची गुंडी. सामना डोळ्यांसमोर चाललेला असताना रेडिओ कशाला, असं मी एकदा विचारलं. ‘दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं,’ ते म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मला समजेल अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. सीझन तिकीट वडिलांकडून आलेलं, मतंही बरीचशी त्यांच्याकडूनच. स्वतः हायस्कूलला असताना खेळले होते. कोणत्या जागी, ते ऐकणाऱ्याच्या वकुबावर ठरतं.

त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत मोठी बिनतोड आहे. संघ ओळीत उभा राहिला की ते शेजाऱ्याला कोपराने ढोसून सांगतात, ‘बघ, आता मध्ये घुसवणार.’ चेंडू खरंच मध्ये घुसवला आणि दोनच यार्ड मिळाले, की ते दोन्ही हात पसरतात. ‘मला इथे बसून कळतं, तर समोरच्या संघाला कळणार नाही?’ मध्ये न घुसवता चेंडू फेकला आणि तो खाली पडला, की तेच हात डोक्यावर जातात. ‘अरे, सरळ मध्ये घुसवायचा ना!’ पहिल्या वेळी कोऑर्डिनेटर बावळट ठरला, कारण त्याची चाल ओळखता येते. दुसऱ्या वेळी माथेफिरू ठरला, कारण ओळखता येत नाही. आणि चाल यशस्वी झाली तर? तर ती खेळाडूची. पोरगं गुणी आहे, कोचिंग असूनही चांगलं खेळतंय.

थर्ड डाउन आला की मात्र त्यांचं सगळं शरीर ताठ होतं. सात यार्ड हवे असताना चार यार्डांवरच्या माणसाकडे चेंडू फेकणं, हे त्यांच्या लेखी महापाप. त्या चार यार्डांवरच्या माणसाने पुढे पळून उरलेले तीन मिळवावेत असा डाव असतो, लांबचे दोघे जखडलेले असतात, क्वार्टरबॅकच्या अंगावर पाच दांडगे धावून येत असतात आणि त्याच्याजवळ फार तर अडीच सेकंद असतात. पण हे कोणी तिथे बोलून दाखवत नाही. मी एकदा बोललो. त्यांनी दुर्बीण खाली केली आणि माझं तिकीट कुठल्या रांगेचं आहे ते विचारलं.

तरी त्यांच्या कडवटपणामागे इतिहास आहे. कर्क फेरेंट्झ 1999 पासून इथले मुख्य कोच. त्यांचा मुलगा ब्रायन 2017 ते 2023 आक्रमणाचा कोऑर्डिनेटर. नात्यागोत्याच्या नियमामुळे मुलगा कागदोपत्री वडिलांच्या हाताखाली नव्हता, क्रीडा संचालकांच्या हाताखाली होता. हे ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही सहकारी संस्थेचा सभासद गालातल्या गालात हसेल. 2022 साली यार्डांच्या हिशेबात देशातल्या 131 संघांत आयोवाचं आक्रमण 130 वं आलं. त्या हंगामाचा पहिलाच सामना त्यांनी साउथ डकोटा स्टेटविरुद्ध 7-3 असा जिंकला. एक टचडाउन आणि वरचा एक गुण मिळून सात होतात, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. एक फील्ड गोल, म्हणजे तीन. बाकीचे चार बचावाच्या पोरांनी समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे दोनदा आडवं करून मिळवून दिले. आक्रमणाला टचडाउन म्हणून एकही नाही. तज्ज्ञ त्या सामन्याबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली आणतात.

मग आला तो प्रसिद्ध करार. 2023 च्या हंगामासाठी ब्रायनचा पगार पन्नास हजारांनी कापून साडेआठ लाख डॉलरवर आणला आणि अट घातली: सात विजय आणि सामन्यामागे सरासरी 25 गुण. त्यात बचावाने मिळवलेले गुणसुद्धा धरायचे होते, एवढी सवलत! तज्ज्ञांच्या आयुष्यातला तो सुवर्णकाळ. आजवर नुसता संताप होता, आता हिशेब आला. ओव्हरऑलच्या खिशातून छोटी वही निघाली. दर फील्ड गोलनंतर बेरीज, भागाकार, उरलेल्या सामन्यांत किती लागतील त्याचं गणित. बायकोने किराण्याचा हिशेब विचारला तर ‘साधारण शंभर’ म्हणणारा हा माणूस इथे दशांश चिन्हापर्यंत काटेकोर! ऑक्टोबर संपायच्या आत विद्यापीठाने जाहीर केलं की हंगाम संपल्यावर ब्रायन राहणार नाहीत. शेवटी सरासरी पंधराच्या जरा वर राहिली. गंमत अशी की संघ त्या वर्षी दहा सामने जिंकला, आणि मैदानावरचा सर्वांत लाडका खेळाडू होता पंटर, म्हणजे चौथ्या डाउनला ‘आपल्याच्याने होत नाही’ असं कबूल करून चेंडू लांब लाथाडणारा गडी. टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन मुलगा त्या वर्षी देशातला सर्वोत्तम पंटर ठरला. ठरणारच. सराव दांडगा होता.

ब्रायनच्या जागेवर 2024 मध्ये टिम लेस्टर आले. आधी वेस्टर्न मिशिगनचे मुख्य कोच, मग ग्रीन बे पॅकर्समध्ये. तज्ज्ञांनी त्यांचं स्वागत केलं ते आपल्याकडे शेजारपाजारचे नव्या सुनेचं करतात तसं. तोंडभर हसून, आणि डाळीत मीठ किती पडतंय यावर नजर ठेवून. त्याला कारणही आहे. शिव्या घालायला इथे दुसरं कोणी मोकळं नाही. खेळाडू अठरा-वीस वर्षांची पोरं. त्यांना बोललं तर त्यांची आई मागच्याच रांगेत बसलेली असू शकते. मुख्य कोच म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस, त्यांच्यापुढे आवाज चढत नाही. पंच समोरच्यांना फितूर असतात हे जगजाहीर, त्यात नवं काही नाही. उरला कोण? बाहेरून आलेला, भरपूर पगार घेणारा आणि उलट न बोलणारा एकच इसम.

पहिला सामना इलिनॉय स्टेटशी. लेस्टरांची आवड अशी की खेळी सुरू व्हायच्या आधीच एखादा गडी ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाला धावत जातो. समोरचा बचाव काय करतो ते त्यावरून कळतं, याला मोशन म्हणतात. आयोवात एवढी हालचाल पाहून स्टँडमध्ये टाळ्या पडल्या. अजून चेंडू हललासुद्धा नव्हता. तज्ज्ञांनीही वाजवल्या, जपून. मध्यंतराला गुणफलक 6-0. टाळ्या वाजवलेले हात ओव्हरऑलच्या खिशात गेले. ‘तेच ते. फक्त आता धावून दमतात.’ उत्तरार्धात संघाने 34 गुण ठोकले, 40-0. तज्ज्ञ गाडीकडे जाताना म्हणाले, ‘समोर होतं कोण?’

पुढच्या शनिवारी आयोवा स्टेट, म्हणजे भाऊबंदकी. 13-0 अशी आघाडी घेऊन सामना 20-19 असा गेला, सहा सेकंद शिल्लक असताना 54 यार्डांवरून बसलेल्या किकवर. त्या रात्री तज्ज्ञ इतके ताजेतवाने दिसले की विचारू नका. सुरुवातीच्या पंधरा-वीस खेळ्या कोऑर्डिनेटर आधीच लिहून आणतात, ही पद्धत कोच बिल वॉल्श यांच्यापासून रूढ झाली आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तज्ज्ञांनी ते मला पोलीस पंचनामा वाचून दाखवावा तसं ऐकवलं. ‘घोकून आणलेलं संपलं, की उघडा पडतो.’

एकाच जागी त्यांची तक्रार थांबते. पहिला क्वार्टर संपला की अख्खं स्टेडियम पाठ फिरवतं आणि शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे बघून हात हलवतं. वरच्या मजल्यांवरची आजारी मुलं खिडकीतून सामना बघत असतात, तीही हात हलवतात. 2017 मध्ये सुरू झालेली ही पद्धत. तज्ज्ञ दोन्ही हात वर करतात, डोळे पुसतात, ते पुसताना कोणी बघितलं तर वाऱ्याला दोष देतात. मग वळून खाली बसतात आणि म्हणतात, ‘पण सेकंड डाउनला दोन यार्ड हवे असताना पास कशाला?’

गाव खरं तर लेखकांचं. 1936 पासून इथे रायटर्स वर्कशॉप आहे; आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात इथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात राहून गेले. टेबलाभोवती बसून एकमेकांच्या कथांची चिरफाड करणं हा या गावाचा अधिकृत उद्योग. पण तिथे निदान कथा आधी वाचावी लागते, आणि बऱ्या चार गोष्टी बोलून मगच कात्री काढायची रीत असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तज्ज्ञांवर वाईट दिवस आले. वॉशिंग्टनविरुद्ध 40, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 40, विस्कॉन्सिनविरुद्ध 42. केलेब जॉन्सन चेंडू घेऊन पळायचा आणि तो पळायला लागला की स्टँडमधल्या कोणाच्याही सल्ल्याची गरज उरायची नाही. हंगामात त्याने 1,537 यार्ड आणि 21 टचडाउन धावून काढले, संघाची सरासरी 27 च्या पुढे गेली. ब्रायनच्या करारात ही जमली असती तर लोकांनी मिरवणूक काढली असती. आता वही खिशातच राहिली. ते ब्रॅटवुर्स्ट भाजताना गप्प असायचे, बिअरचा डबा अर्धाच संपायचा. त्यांची बायको मला म्हणाली, ‘तब्येत बरी आहे, जिंकतायत एवढंच.’ या सगळ्याच्या आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ओहायो स्टेटने 35-7 असं चोपलं तेव्हा जरा रंग चढला होता, तेवढाच.

आणि मग थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी रात्री नेब्रास्का. हाडं गोठवणारी थंडी. मध्यंतराला 0-10. चेंडू मध्ये घुसवला, काही नाही. फेकला, काही नाही. तज्ज्ञ उभेच होते, उशी काखेत, आवाज सणसणीत. महिनाभर साठलेलं सगळं बाहेर येत होतं. उत्तरार्धात क्वार्टरबॅकने जॉन्सनकडे एक आखूड पास टाकला. चेंडू हवेत असतानाच तज्ज्ञ ओरडले, ‘पुन्हा आखूड! पुन्हा तेच! हा माणूस कधी शिकणार—’ जॉन्सनने चेंडू धरला, वळला आणि 72 यार्ड पळत थेट गोलरेषेपलीकडे गेला. स्टेडियम हादरलं. तज्ज्ञांचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं नाही, वाक्य तेवढं बदललं. ‘हेच! हेच मी तीन महिने सांगतोय! याच्याकडे चेंडू द्या!’

10-10 वर घड्याळ शून्याकडे निघालं. शेवटच्या क्षणी 53 यार्डांवरून किक बसली, 13-10. लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. मीही मारल्या. तज्ज्ञ उशी झटकून खाली बसले, कानातली गुंडी काढली आणि म्हणाले, ‘त्रेपन्न यार्डांवरून मारायची पाळी मुळात आलीच का, ते मला कोणीतरी समजावून सांगा.’