करवीरक्षेत्रीचा नादविचार

‘नाद’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत: एक ध्वनी आणि दुसरा न सुटणारे वेड. इतरत्र हे अर्थ एकमेकांपासून अंतर राखून असतात, म्हणजे घंटेचा नाद निराळा आणि पत्त्यांचा नाद निराळा. कोल्हापुरात मात्र ते एकाच चुलीवर जेवतात, आणि ‘नाद खुळा’ हा तेथील सर्वोच्च प्रशंसोद्गार बैलजोडीला, नव्या मोटारसायकलीला, कुस्तीतल्या डावाला, वाटीतल्या रश्श्याला आणि छाती हादरवणाऱ्या कर्ण्याला सारख्याच मोकळेपणाने बहाल केला जातो. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त नादाची फोड करताना ‘न’ म्हणजे प्राण आणि ‘द’ म्हणजे अग्नी असे सांगितले आहे. त्याचा आश्रयदाता सिंघण यादव याने पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पराभव करून हा प्रांत आपल्या राज्यास जोडला होता, तेव्हा येथील हवापाण्याची थोडी कुणकुण ग्रंथकारास असणे अशक्य नाही. परंतु मिरची या देशी आली ती पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात, त्यामुळे मिसळीच्या पहिल्या घासाला प्राण आणि अग्नी यांचा संयोग कसा होतो, हे त्याने निव्वळ प्रतिभेच्या बळावर ओळखले असले पाहिजे.

कान आणि जीभ ही इंद्रिये वेगळी आहेत हा समज मराठी भाषेने तरी कधी फारसा मनावर घेतलेला नाही. ‘झणझणीत’ हे चवीचे विशेषण ‘झणझण’ या ध्वन्यनुकारी, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या, शब्दापासून निघाले आहे. फोडणी चुरचुरते, आणि ‘ठसका’ तर मिरचीच्या धुरानेही लागतो नि लावणी गाणारीच्या गळ्यातही असतो, फरक इतकाच की पहिल्यावर पाण्याचा उतारा चालतो आणि दुसऱ्यावर दौलतजादा करावी लागते (तमाशाच्या फडात खूश झालेला प्रेक्षक जे पैसे उधळतो त्यांस ही संज्ञा आहे). कोल्हापूरने भाषेतला हा संकेत व्यवहारात आणला, एवढेच त्या शहराचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या प्रवाशाची पहिली फसगत त्याच्या पूर्वतयारीमुळे होते. भारतभरच्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची एक लालभडक भाजी मिळते, जिच्यात कोणती भाजी आहे हे ओळखू येत नाही आणि ओळखण्याइतकी शुद्धही खाणाऱ्यास उरत नाही. तिच्यावर सराव करून आलेल्या प्रवाशाला कोल्हापूरच्या घरांत त्या नावाचे काही शिजत नाही हे कळते, तेव्हा तो खट्टू होतो. येथील स्वयंपाकाचा आधार निव्वळ तिखटपणा नसून ‘चटणी’ आहे, आणि चटणी म्हणजे तोंडी लावण्याचा ओला, वाटलेला पदार्थ नव्हे, तर मिरचीपुडीत कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धने व गरम मसाला कांडून वर्षाची बेगमी म्हणून बरण्यांत भरलेला कांदालसूण मसाला होय. ती संपत आल्याची वार्ता घरात बँकेतील शिल्लक संपत आल्याच्या सुरात सांगितली जाते.

उद्यमनगरातील फडतरे, कसबा बावड्यातील बावडा मिसळ अशी नावे प्रवाशाने आधीच टिपून आणलेली असतात. गर्दीच्या वेळी मिसळीच्या दुकानात रांग नावाची संस्था अस्तित्वात नसते. खाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या उरलेल्या घासांची मनातल्या मनात मोजदाद करणे, ही तेथील प्रतीक्षेची मान्य रीत आहे, आणि ज्याला पाठीमागे कोणी श्वास रोखून उभे असताना चवीने जेवता येते त्यालाच हे शहर आपले म्हणते. मटकीची उसळ, तीवर फरसाण, कांदा नि कोथिंबीर, आणि या सर्वांवर ओतला जाणारा तवंगदार रस्सा, ज्याला ‘कट’ म्हणतात, अशी मिसळीची रचना असून तिच्यासोबत पाव मागितला तरी पुढ्यात ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. पुणेकर प्रवासी या गोष्टीची नोंद तक्रारीच्या स्वरात करतो, पण स्पंजासारखा कट शोषून घेण्याच्या कामी स्लाइस पावाहून सरस आहे, हे त्याच्या दुसऱ्या स्लाइसवरून सिद्ध होते. मग वाढणारा येतो आणि म्हणतो, “पाव्हणं, कट घ्या की!” या वाक्यातील ‘की’ हा अव्ययवजा शब्द आग्रहार्थी असून त्याला नकारार्थी उत्तराची व्याकरणात सोय नाही. प्रवाशाने हाताने ‘पुरे’ची खूण केली तर ती ‘थोडा’ अशी वाचली जाते, आणि त्याने मान हलवली तर ती पसंतीची पावती समजण्यात येते.

मटणाचे ताट हा याहून गंभीर विषय आहे. सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, भात आणि कांदा-लिंबू एवढाच त्याचा सरंजाम. परंतु त्यात मटणाच्या फोडी मोजून येतात व रस्सा न मोजता येतो, हे त्याचे अर्थशास्त्र ध्यानात घेतले म्हणजे कोल्हापूरचा माणूस ‘मटण खाल्ले’ न म्हणता ‘रस्सा वरपला’ असे का म्हणतो ते कळते. दोन्ही रश्श्यांचा उगम एकच, तो म्हणजे ‘अळणी’. या शब्दाचा मूळ अर्थ बिनमिठाचे असा असला तरी येथे मसाला पडण्यापूर्वीचे, मटण शिजवलेले पाणी त्या नावाने ओळखले जाते. त्यात चटणी पडली की तांबडा होतो, आणि नारळाचे दूध, काजू, तीळ व खसखस यांचे वाटण पडले की पांढरा. तांबडा रस्सा प्रामाणिक असतो, त्याच्या रंगातच त्याचा जाहीरनामा असतो. पांढऱ्याचे तसे नाही. तो दिसायला खिरीच्या नात्यातला, वासाला वेलदोडा-दालचिनीचा, आणि पाहुणा तो वाटी तोंडाला लावून निर्धास्तपणे पितो, मग मिरी आणि लवंग काही क्षणांनी, घशाच्या बऱ्याच खाली गेल्यावर, आपली ओळख सांगतात. संगीताच्या परिभाषेत बोलायचे तर तांबडा थेट द्रुत लयीत सुरू होतो आणि पांढरा विलंबित ख्यालासारखा, म्हणजे संथ लयीत हळूहळू उलगडणाऱ्या गाण्यासारखा, चढतो. या विषयाची सामाजिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही: २०१९ च्या अखेरीस मटणाचे दर वाढले तेव्हा या शहरात त्याविरुद्ध रीतसर आंदोलन झाले व कृती समिती उभी राहिली, आणि मित्रांनी वर्गणी काढून शेतावर स्वतः रस्सा शिजवण्यासाठी जमवलेल्या टोळक्यास येथे ‘रस्सामंडळ’ असे भारदस्त नाव आहे.

इतका अग्नी पोटात गेल्यावर प्राणाची सोय गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर होते, जेथे म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ, धारोष्ण दुधाचा पेला हातात दिला जातो. शहरी प्रवाशाने प्रथमच दूध आणि म्हैस एकत्र पाहिलेली असल्यामुळे तो काही काळ अंतर्मुख होतो.

ज्या कोल्हापूरच्या कानांबद्दल पुढे बोलायचे आहे, ते कान मुळात कच्चे नाहीत, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून आले आणि १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत येथेच राहिले. त्याच शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून खासबागेचे कुस्ती मैदान बांधवले, ते १९१२ मध्ये पुरे झाले, आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखले जाऊ लागले व २०२४ च्या ऑगस्टात आगीत सापडले. ख्याल, नाटक आणि कुस्ती हाकेच्या अंतरावर नांदल्यामुळेच की काय, ‘पेच’ हा शब्द येथे तानेलाही लागतो आणि लंगोटवाल्यालाही. खाऊ गल्लीही तिथेच आहे, त्यामुळे दाद देऊन किंवा शड्डू ऐकून दमलेला रसिक उपाशी घरी जात नाही.

आता अनंत चतुर्दशी. गणपतीच्या दिवसांत अनेक घरांत मटण बंद असते, त्यामुळे नादाची सगळी भूक जिभेवरून कानाकडे वळते, असा एक तर्क करता येतो. विसर्जनाची मिरवणूक तुकाराम माळी तालमीच्या मानाच्या पहिल्या गणपतीने सुरू होते (तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, परंतु कोल्हापुरात ती पेठेची अस्मिता, मंडळ आणि मतदारसंघही असते), आणि मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी असा तिचा मार्ग आहे; तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, जेथे विसर्जनाच्या रात्री तीन मंडळांची गाणीही मिळतात. बिनखांबी मंदिरापाशी ज्याला घरी परतायचे होते तोही गर्दीच्या मर्जीने पापाच्या तिकटीला पोहोचतो.

या उत्सवाचे प्रमुख वाद्य ‘डॉल्बी’ होय. १९६५ साली रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने लंडनमध्ये प्रयोगशाळा काढली व ध्वनिफितीवरील खरखर घालवणारी यंत्रणा तयार केली. म्हणजे त्यांच्या कीर्तीचा पाया नको असलेला आवाज कमी करणे हा होता. पश्चिम महाराष्ट्राने त्यांचे नाव घेतले आणि ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला दिले, ज्यामुळे एका सत्पुरुषाचे आयुष्यभराचे कार्य एका रात्रीत उलट दिशेने पूर्ण होते. या भिंतीपुढे गाणे कानांनी ऐकावे लागत नाही, ते बरगड्यांतून आत येते. शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे भक्तिगीत आणि सिनेमातले गाणे यांतील भेद मिटतो, आणि दुकानांची लोखंडी शटरे स्वेच्छेने ठेका धरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि महाद्वार रोडवर खाली दुकाने व वर माणसे असल्याने तेथे कोणता आकडा लागू करावा, हा प्रश्न अभ्यासकांना रंजक वाटण्याजोगा आहे. पण त्यावर वाद घालण्याइतके एकमेकांचे बोलणे त्या रात्री कोणाला ऐकू येत नाही.

दोन मंडळांच्या डॉल्बींमधल्या मोकळ्या जागेत अवचित हलगी वाजते. हलगी हे कड्यावर कातडे ताणून केलेले, दोन काड्यांनी वाजवायचे चपटे वाद्य. घुमके आणि कैताळ तिच्या जोडीला असतात, आणि त्या तिघांना ना वीज लागते ना ट्रॉली. चार माणसे फेर धरतात, एखादा म्हातारा डोक्यावरचा फेटा सावरत दोन पावले टाकून दाखवतो, आणि मघापासून कानांवर हात ठेवून उभ्या असलेल्या प्रवाशाचे हात खाली येतात. प्रस्तुत निबंधाचा कौल येथे निःसंदिग्धपणे हलगीकडे आहे. नाद खुळा म्हणावा तो हाच, बाकीचा नुसता खुळा.

कर्ण्यांना रात्री बारापर्यंतच मुभा असते, आणि मूर्ती मात्र त्यानंतरही संथपणे पुढे सरकत राहतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते. म्हणून ज्यांना हा सोहळा पाहण्यास जायचे असेल त्यांनी मटणाच्या ताटासाठी निराळा दिवस राखावा, कानांसाठी कापसाचे दोन बोळे न्यावेत, परतीच्या पिशवीत किलोभर चटणीची जागा ठेवावी, आणि महाद्वार रोडवरच्या लॉजमध्ये उतरायचेच असेल तर खोली मागच्या बाजूची मागून घ्यावी.