नो इम्प्रूव्हमेंट

इंग्रजी वाक्यात 'नो सूनर' आलं की पुढे 'दॅन' यायलाच हवा, 'व्हेन' चालत नाही, हे आमच्या पहुरात आता स्टँडवर केळी विकणाराही सांगेल. 'हार्डली'ला 'व्हेन', 'सिनिअर'ला 'टू', 'लेस्ट'ला 'शुड'. सोयरिकी जुळवाव्यात तशा या जोड्या पोरांनी पक्क्या करून ठेवल्या आहेत. अभ्यासिकेत तलाठी, एसएससी, बँक, पोलीस अशा सगळ्या भरत्या एकाच पंख्याखाली बसतात. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. संध्याकाळी तिकडे डोकावलो की "आप्पा, हे एक बघा बरं" म्हणत कोणीतरी पुस्तक पुढे सरकवतंच.

प्रश्न ठरलेला. एक वाक्य, त्यातला एक तुकडा अधोरेखित, खाली तीन पर्याय. चौथा पर्याय 'नो इम्प्रूव्हमेंट', म्हणजे आहे तेच बरं आहे, हात लावू नका. एसएससीच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे 25 प्रश्न. बरोबर आलं तर 2 गुण, चुकलं तर अर्धा कापला. 2023 च्या तलाठी भरतीतही शंभरातले 25 प्रश्न इंग्रजीचेच होते. सातबाऱ्यावर 'हॅड बीन'ची नोंद कोणत्या रकान्यात करतात, ते मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

या वाक्यांतली माणसं मोठी नमुनेदार. हेडमास्तर कधी एकटे म्हणून कुठे जात नाहीत; जातील तेव्हा 'अलाँग विथ' शिक्षकांना घेऊन जातील, आणि एवढी वरात निघूनही क्रियापद आपलं एकवचनीच. कोणीतरी सकाळपासून कोणाची तरी वाट बघत असतो, 'सिन्स' की 'फॉर' एवढं ठरेपर्यंत त्याला उठता येत नाही. आणि तो पेशंट! मी शाळेत होतो तेव्हापासून तो डॉक्टर यायच्या आधीच मरतो आहे. डॉक्टरला वेळेवर आणायचा विचार आजवर एकाही परीक्षकाच्या मनात आला नाही. येणार कसा? पेशंट वाचला तर 'हॅड डाईड' घालायचा कुठे?

'नो सूनर'च्या वाक्यात माणूस स्टेशनवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटते. व्याकरणाने निर्दोष वाक्य, पण पहूरच्या माणसाला ते पटत नाही. आमच्याकडे गाडी म्हणजे पीजे, पाचोरा-जामनेर, अडीच फुटी रुळांवरची. छप्पन्न किलोमीटरला तिला दोन तासांहून जास्त लागायचे. ती सुटलेली दिसली तर माणूस आधी हातातला चहा संपवायचा आणि मग धावायचा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज होणार आहे. अधोरेखित भाग 'नॅरोगेज', सुचवलेला पर्याय 'ब्रॉडगेज'. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त गाडी यायची बाकी आहे.

व्याकरणाला पोरं पाल-सुरीचं पुस्तक वापरतात, मी रेन-मार्टिनवाला. यातले रेनसाहेब कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी 1924 साली 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहिली, ती व्याकरणाहून जास्त गाजली. तिच्यात तिघे भाऊ घर सोडून परदेशी फौजेत भरती होतात. व्याकरण आणि भरती यांचं नातं असं जुनं आहे.

एवढी तयारी असूनही चौथ्या पर्यायावर बोट ठेवायची पोरांची छाती होत नाही. मी एकाला म्हटलं, "अरे, वाक्य बरोबर आहे, सोडून दे त्याला." तो म्हणाला, "आप्पा, फॉर्मची फी भरली, रात्रीच्या गाडीने सेंटरला गेलो, आणि वाक्य आधीच बरोबर निघालं, तर मग मी तिथे केलं काय?" यावर रेन-मार्टिनमध्ये उत्तर नाही. घरी मात्र हा पर्याय बिनदिक्कत चालतो. बाप विचारतो, "काय रे भाऊ, निकालाचं काय?" पोरगं मान न वर करता सांगतं, "नो इम्प्रूव्हमेंट."

उत्तरतालिका आली की आक्षेप. एसएससीत कितीतरी वर्षं एका प्रश्नामागे शंभर रुपये भरावे लागत. दुसऱ्याची चूक काढायला पदरचे शंभर मोजणारी ही पहिलीच पिढी. आमच्या पारावर हे काम पूर्वापार फुकट होत आलं आहे.

परवाची गोष्ट. जळगावहून अजिंठ्याकडे निघालेली एसटी पहुरात पंक्चर झाली. "मागच्या गाडीत बसा" असं सांगून कंडक्टर मोकळा. त्यात एक गोरा पाहुणा होता, उन्हाने लालबुंद, पाठीवर ही थोरली सॅक. टपरीवर आमची तीन पोरं चहा पीत होती. त्यांच्याकडे येऊन तो म्हणाला, "व्हेअर आय कॅन गेट द बस टू अजंटा?"

तिघेही गप्प. मग पहिला माझ्या कानाशी लागला, "आप्पा, 'आय कॅन' चुकलं ना? प्रश्न आहे, 'कॅन आय' पाहिजे." दुसरा म्हणाला, "थांब भो, पर्याय बघू दे." पर्याय कुठे होते? पाहुणा आशेने एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. टपरीवाल्या मावशींनी कपाळावरचा पदर सारखा केला, बाकड्यावर फडका मारला आणि म्हणाल्या, "अजिंठा? सिट. बस कम." तो बसला. त्यांनी न विचारता चहा दिला.

आता तिसऱ्याला राहवेना. तो उठला, शर्ट ओढून नीट केला, आणि पाहुण्यासमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करत ठणठणीत आवाजात म्हणाला, "व्हेअर कॅन आय गेट द बस टू अजंटा?"

पाहुण्याचा चेहरा उजळला. "यू ऑल्सो?" म्हणत त्याने सरकून जागा करून दिली. पोराला नाही म्हणायचं होतं. पण ते वाक्य त्याने कोणत्याच पुस्तकात दुरुस्त केलेलं नसावं. मागची गाडी आली, पाहुण्याने त्याला दंडाला धरून वर चढवलं, आणि खिडकीतून दिसलं की पोराचं, लेण्यांजवळच्या फर्दापूरचं, तिकीटही त्यानेच काढलं.

बाकीचे दोघे टपरीवरच होते. 'बस टू अजंटा' की 'बस फॉर अजंटा', यावर त्यांचं जुंपलं होतं.