डॉक्टरसाहेब, 'ग्रेट'चा एक गुण परत द्या

प्रति,
डॉ. सॅम्युअल जॉन्सन, कोशकार,
गफ स्क्वेअर, लंडन.

विषय : तिसरीतल्या मुलीचा कापलेला एक गुण.

सा. न. वि. वि.

अर्जदार हा मराठी शाळेत शिकणाऱ्या एका मुलीचा मामा आहे. गेल्या आठवड्यात तिला इंग्रजीच्या तासाला मोठ्याने वाचायला उभं केलं. ई आणि ए ही अक्षरं शेजारी आली की दीर्घ 'ई', हा नियम बाईंनीच फळ्यावर लिहिलेला. ईट, मीट, सीट, हीट झालं आणि पोरीने त्याच शिस्तीत पुढचा शब्द वाचला : 'ग्रीट'. वर्ग खदखदून हसला. गुण कापला गेला.

नियम पाळणाऱ्याला दंड होतो, याचं अर्जदाराला नवल नाही. पण या मुलीच्या बाजूने एक वजनदार साक्षीदार होता आणि त्याला कोशाबाहेर ठेवलंत तुम्ही. 1747 साली कोशाची योजना छापलीत, तेव्हा लॉर्ड चेस्टरफील्डनी सांगितलं की great हा शब्द 'स्टेट'शी जुळला पाहिजे. सर विल्यम यंग यांनी निरोप धाडला की छे, 'सीट'शीच. 'ग्रेट' म्हणेल तो फक्त आयरिश माणूस! पहिले लॉर्डांच्या सभागृहातले सर्वोत्तम वक्ते, दुसरे कॉमन्समधले, हे प्रशस्तिपत्रही तुमचंच. म्हणजे तिसरीतली पोर पार्लमेंटातल्या पट्टीच्या वक्त्यासारखी वाचत होती.

ही हकिगत तुम्ही 1772 साली तुमचा चरित्रकार बॉझवेल याला गप्पांच्या ओघात सांगितलीत. 1755 च्या कोशात मात्र जोर कुठे द्यायचा याची खूण केलीत आणि स्वर कसा म्हणायचा यावर चक्क मौन पाळलंत. आयर्लंडच्या टॉमस शेरिडननी उच्चारकोशाचा घाट घातला, तर 'आयरिश माणूस आम्हाला इंग्रजी शिकवणार?' म्हणून नाकही मुरडलंत. शेवटी टिकला तो 'आयरिश' उच्चारच. आणि तुमच्या नावामागे 'डॉक्टर' लागलं ते 1765 साली, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या कृपेने!

ब्रेड आणि हेड यांनी तोच 'ईए' घेऊन स्वर आखूड केला, त्याची तक्रार इथे नको. 'लाँग आय'ची मात्र करायलाच हवी. किटमधला 'इ' लांबवला की काइट होतं म्हणे. आपल्याकडेही ह्रस्व-दीर्घापायी पोरांचे गुण जातात, पण निदान 'कि' दीर्घ केली तर 'की' होते, 'काय' होत नाही!

यामागे इतिहास आहे, हे अर्जदार जाणतो. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. त्याआधीच्या कवी चॉसरच्या काळात ईट आणि ग्रेट या दोन्ही शब्दांत सारखाच लांब 'ए' होता. पुढे ईट, मीट, सीट 'ई'कडे गेले. ग्रेट, ब्रेक, स्टेक मागे राहिले. स्पेलिंग मात्र जागचं हललं नाही. इंग्रजांनी तीनशे वर्षं घातलेला हा गोंधळ आठ वर्षांच्या पोरीने एका तासात निस्तरायचा, आणि जमलं नाही तर वर्गाचं हसं सोसायचं? कुठला न्याय हा! राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बाईंच्या हाती फळा आणि तो एक नियम. त्यांच्यावर तरी किती रागवायचं?

खरं तर तुमच्यावरही राग धरवत नाही. लहानपणापासून डोळे अधू, हाताशी सहा लेखनिक, तीन वर्षांचं काम नऊ वर्षं चाललेलं, आणि मध्येच 1752 साली बायको गेली. काम चालू असताना पाठ फिरवलेले आश्रयदाते चेस्टरफील्ड कोश तयार होताच कौतुकाचे लेख लिहू लागले. त्यांना तुम्ही धाडलेलं खरमरीत पत्र अर्जदाराने हा मजकूर लिहिताना नमुना म्हणून समोर ठेवलं आहे. उच्चार कुणाच्या बांधणीत राहत नाहीत, हे तुम्ही कोशाच्या प्रस्तावनेत मान्यच केलंत.

तरी सर विल्यम यंग यांच्या निरोपाची सही-शिक्क्याची नक्कल मिळावी. बाईंना दाखवायची आहे.

आपला,
एक मामा

ता. क. : पुढच्या पाठात 'रीड' आणि 'रेड' एकाच स्पेलिंगने येणार आहेत. त्याचा अर्ज वेगळा.