सेंद्रिय जिल्ह्याची शासकीय व्याख्या

सेंद्रिय जिल्हा म्हणजे जेथे रासायनिक खते व कीटकनाशके यांचा वापर थांबून माती, शेतकरी आणि ओघाने अख्खे गाव सावरते असा प्रदेश, ही व्याख्या शेतीशास्त्राची झाली. प्रशासनशास्त्रात मात्र ज्याचा आराखडा मंजूर झाला आणि ज्याच्या प्रशिक्षणवर्गाची छायाचित्रे वेळेत अपलोड झाली, तो जिल्हा सेंद्रिय होय. नांदेड व लातूर यांची पात्रता तर जन्मसिद्धच मानावी लागते, कारण लाल कंधारी आणि देवणी या देशी गोवंशांना नावे मिळाली ती नांदेडच्या कंधारवरून आणि लातूरच्या देवणीवरून.

सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीत जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात आंबवून केलेले द्रावण, हा केंद्रबिंदू असून एका देशी गाईवर तीस एकर शेती भागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हिशेब निर्दोष आहे. अडचण एवढीच की गाईला चाराही लागतो. खरिपात सोयाबीनने ज्वारीला हुसकावले तेव्हा धान्याबरोबर कडबाही गेला, कडबा गेल्यावर दावण रिकामी झाली, बैलांचे काम ट्रॅक्टरने घेतले आणि शेणखताचा उकिरडा आटला, ही साखळी कोणत्याही आराखड्यात आढळत नाही. शासनाने मात्र 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ हा दर्जा दिला आणि त्याच सुमारास गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी 50 रुपये अनुदान मंजूर केले. परिणामी शेतकऱ्याच्या गोठ्यात जी गाय निव्वळ खर्च असते तीच गोशाळेत पोहोचताच अनुदानपात्र ठरते, आणि जीवामृतासाठी शेण शोधायला शेतकऱ्याने राज्यमातेच्या भेटीस जावे, अशी व्यवस्था सिद्ध होते.

2015-16 पासूनच्या परंपरागत कृषी विकास योजनेत सुमारे 20 हेक्टरांचा गट करून सहभागी हमी पद्धतीने प्रमाणीकरण होते; म्हणजे गटातील शेतकरी एकमेकांच्या शेताची तपासणी करून एकमेकांच्या सचोटीची हमी देतात. बांध कोरल्याच्या वादात ज्यांची पिढी तालुक्याच्या न्यायालयात खपली, त्यांच्यावर ही परस्परविश्वासाची जबाबदारी सोपवणाऱ्या अधिकाऱ्याच्या आशावादाला दाद द्यायलाच हवी.

उरतो बाजार. हमीभाव केंद्रावर सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असून 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल करण्यात आली, यावरून निकष बदलता येतात हे सिद्ध झाले. तरी दाण्यातील पाणी मोजणाऱ्या यंत्राला त्यामागचे जीवामृत मोजता येत नाही आणि हमीभावही सर्वांना एकच असतो. त्यामुळे तीन वर्षे फवारणीविना काढलेले सोयाबीन शेजाऱ्याच्या फवारलेल्या सोयाबीनसोबत एकाच दराने एकाच गोदामात जाते, आणि त्याच आठवड्यात कृषी कार्यालयात पुढील वर्षाच्या सेंद्रिय लक्ष्यांकाची बैठक बोलावली जाते.