वेडी बाभूळ, डुकराचा खांदा आणि आपलं घंगाळ

सॅन अँटोनियो, टेक्सास

ती. आई-बाबांस,


आई, आधी तुझी शंका फेडते. व्हिडिओ कॉलवर तुला दिसला तो धूर आमच्याच अंगणातला होता, आणि घराला आग लागलेली नव्हती. धुरामागे उभे होते ते तुझे जावई, आणि शेगडीवर होता तो डुकराचा खांदा, हाडासकट चांगला साडेतीन-चार किलोंचा. मागच्या खेपेला तू बजावून गेली होतीस ना, "खायचं ते खा, पण ते माझ्या ओट्यावर आणायचं नाही"? त्याचं तंतोतंत पालन चाललंय. सगळा कारभार अंगणात. पातेली वेगळी, चिमटा वेगळा, हात पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. एवढं सोवळं आपल्या आजीनंही पाळलं नसेल.

बाबा, तुम्ही मात्र हे बसून वाचा. बांधावरची वेडी बाभूळ, जी तुम्ही दर उन्हाळ्यात तोडता आणि जी दर पावसाळ्यात दुप्पट जोमानं उगवते, तिचं माहेर इकडचं, मेक्सिकोच्या बाजूचं. टेक्सासात तिची बहीण आहे, मेस्कीट. तेच काटे, तशाच शेंगा, तोच चिवटपणा. फरक इतकाच, की इथे तिच्या ढलप्या छान पिशवीत भरून दुकानात मांडतात आणि तुमचे जावई त्या वास घेऊन, पारखून, रोख पैसे मोजून घरी आणतात. आपल्या करमाळ्याच्या भट्टीवाल्यांना सांगू नका, सगळे व्हिसाच्या रांगेत उभे राहतील.

एवढे पैसे मोजून आणलेल्या त्या ढलप्यांतली एकच निखाऱ्यावर पडते. मेस्कीटचा धूर उग्र. तासन् तास लागला तर मांस कडू होतं. बाकीचा धूर पेकानच्या लाकडाचा. पेकान हा अक्रोडाच्या भावकीतला, टेक्सासचा राज्यवृक्ष. तो जाळायला इथे कोणी हरकत घेत नाही.

शेगडी म्हणजे खाली गोल कढई आणि वर तसंच घुमटासारखं झाकण. शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थानं १९५२ साली, पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये जिथे बनत त्याच कारखान्यातल्या गोळ्याचे दोन भाग करून ती पहिल्यांदा बनवली. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याचा ट्रे; वरखालच्या झडपा किलकिल्या ठेवून आत १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता राखायची. आणि झाकण उघडायचं नाही. प्रत्येक वेळी उघडलं की उष्णता उडून जाते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत ज्यांना दम निघत नाही, ते तुमचे जावई पहाटे सहापासून खुर्ची टाकून त्या झाकणाकडे बघत बसले होते. साखरपुड्यात माझ्याकडेसुद्धा इतक्या एकाग्रतेनं बघितलं नव्हतं.

इथल्या मराठी मंडळाच्या चार घरांना एक वाजता जेवायला बोलावलेलं. साडेअकराला मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा सत्तर अंशांवर पोचला आणि तिथेच बसला. बारा वाजले, सत्तर. साडेबारा, एकाहत्तर. दीडला पाहुणे आले तेव्हा पुन्हा सत्तर. झालेलं असं, की मांसातलं पाणी वर येऊन त्याची वाफ होते आणि ती वाफ मांसाला गार करत राहते. आपला माठ ज्या न्यायानं पाणी गार करतो, त्याच न्यायानं डुकराचा खांदाही हट्ट धरून बसतो. जावयांनी हे सगळं पाहुण्यांना हातवारे करून समजावलं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि मी मुलांसाठी केलेला दहीभात संपवला.

शेवटी त्या खांद्याचे मोठे तुकडे करून ते खोल ट्रेमध्ये घातले. वर डुकराचीच चरबी, संत्र्याचा रस आणि सालं, लसूण, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा. ट्रेला फॉइलचं घट्ट झाकण लावून परत शेगडीत. झाकल्यावर वाफ अडली आणि काटा मुकाट्यानं वर चढला. पंच्याण्णवच्या जवळ आला तेव्हा हाड नुसतं धरलं तरी हातात आलं, अगदी स्वच्छ, धुतल्यासारखं. मग मांस हातानं मोकळं करून लोखंडी तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत परतलं. पाच वाजले होते. त्यानंतर अंगणात बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि मंडळाच्या माणसांच्या बाबतीत हे तुम्हाला खरं वाटणार नाही.

शेजारच्या आजी मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. जावयांनी जे करायला घेतलं होतं, त्या कार्नितासचं माहेर तेच राज्य. तिथल्या किरोगा गावात लोक मुद्दाम खायला जातात. आजींनी टॉर्टिया मात्र स्वतः करून आणल्या. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, वाटून. (बाबा, तुमच्या चंचीतल्या चुन्याचा याहून चांगला उपयोग जगात होतो, एवढंच सुचवते.) वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू. आजी एक घास खाऊन म्हणाल्या, "फार छान झालंय. पण हे कार्नितास नव्हे." त्यांच्याकडे धूर देतच नाहीत. अख्खं डुक्कर, कान-कातडीसकट, तांब्याच्या मोठ्या कढईत चरबीत सावकाश शिजतं. धुराचं वेड टेक्सासवाल्यांचं. जावयांचा चेहरा पडला, पण आजींनी तीन टॉर्टिया खाल्ल्या, त्यामुळे तो परत वर आला. धाकटीनं तिच्या टॉर्टियावर सोलापूरची शेंगाचटणी भुरभुरली. आजींनी ती चाखली आणि डबाच घरी नेला. पुढच्या पार्सलात दोन किलो पाठवा.

आता महत्त्वाचं. आजींनी त्या तांब्याच्या कढईचा फोटो दाखवला. मिचोआकानातच सांता क्लारा देल कोब्रे नावाचं गाव आहे, तिथे घरोघर तांबं ठोकून या कढया घडवतात. रुंद तोंड, जाड काठ, दोन बाजूंना दोन कड्या. जावयांनी फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, असं तुमच्या माळ्यावर आहे की!"

आई, ते पणजीचं घंगाळ आहे. त्यात आपल्या तीन पिढ्यांची दिवाळीची पहिली आंघोळ झाली आहे. येत्या रविवारी त्यांचा फोन येईल, आधी हवापाणी विचारतील, मग गुडघेदुखी, मग सहज म्हणून तांब्याच्या भांड्यांवर येतील. तेव्हा दोघांनी एकच उत्तर द्या: मोडीत घातलं. आणि बाबा, तुम्हाला खोटं बोलताना हसू येतं, म्हणून फोन आईनंच घ्यावा.

तुमची,
लेक